शंका-समाधान : बंदर श्री भगवान

गेल्या अंकात बोर्निओ बेटावरील एका प्रश्नाला उत्तर देताना त्या बेटाच्या तीन वाटेकऱ्यांपैकी इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्याविषयी आम्ही सविस्तर लिहिले आणि तिसऱ्याची, म्हणजे ब्रुनेईची, एका वाक्यात बोळवण केली. ते वाचकांना रुचले नाही. महिनाभरात आलेली बरीचशी पत्रे त्या एका वाक्याबद्दलचीच असल्यामुळे या वेळचे सदर संपूर्ण ब्रुनेईला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ब्रुनेई नेमका केवढा आहे? मुलांच्या नकाशासंग्रहात तो दोन तुकड्यांत दिसतो. ही छपाईची चूक समजावी काय?
(भूगोलाच्या एक शिक्षिका, सांगली)

छपाई बिनचूक आहे. बोर्निओच्या उत्तर किनाऱ्यावर, दक्षिण चिनी समुद्राकडे तोंड करून वसलेल्या या देशाचे क्षेत्रफळ ५,७६५ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे तो आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडासाच मोठा. वस्ती मात्र साडेचार लाखांच्या आसपास, सिंधुदुर्गाच्या जवळपास निम्मी. जमिनीच्या सर्व बाजूंनी मलेशियाचे सारावाक राज्य आहे, आणि लिंबांग नदीच्या खोऱ्याच्या रूपाने त्याच राज्याची एक पाचर देशाच्या मधोमध थेट समुद्रापर्यंत ठोकलेली आहे. पाचरीच्या पश्चिमेला ब्रुनेई-मुआरा, तुतोंग आणि बेलाइत हे तीन जिल्हे, तर पूर्वेला एकटा तेम्बुरोंग.

ही पाचर आली कुठून, हे नकाशासंग्रहात लिहिलेले नसते. पंधराव्या-सोळाव्या शतकांत ब्रुनेईच्या सुलतानांची सत्ता बोर्निओच्या किनाऱ्यांवर आणि पलीकडे फिलिपाईन्सच्या दक्षिण भागापर्यंत चालत असे. ‘बोर्निओ’ हे साऱ्या बेटाचे नावसुद्धा ‘ब्रुनेई’चाच युरोपीय अपभ्रंश आहे. पुढे उतरती कळा लागली. जेम्स ब्रुक नावाच्या इंग्रज साहसवीराने एक बंड मोडण्यास मदत केली आणि त्याच्या मोबदल्यात १८४१ मध्ये सारावाकचा कारभार पदरात पाडून घेतला. त्यानंतर त्याने आणि त्याच्या वारसांनी एकेक खोरे गिळत सुलतानाला समुद्राच्या कडेला आणून ठेवले. १८८८ मध्ये ब्रुनेईने ब्रिटनचे संरक्षण पत्करले, आणि दोनच वर्षांनी ब्रुक घराण्याने लिंबांग घेतले. संरक्षण करणाऱ्यांनी त्या वेळी दुसरीकडे पाहिले, एवढेच म्हणता येईल.

या तुकड्यांचा त्रास परवापरवापर्यंत रोजचा होता. राजधानीहून तेम्बुरोंगला मोटारीने जायचे तर ब्रुनेईतून बाहेर, मलेशियात आत, मलेशियातून बाहेर आणि पुन्हा ब्रुनेईत आत असे पारपत्रावर चार शिक्के पडत. त्याच दिवशी परतल्यास आठ. ते टाळायचे असेल तर तिवरांच्या झाडीतून वळणे घेत जाणाऱ्या वेगवान होड्या होत्या. २०२० मध्ये उपसागरावरून सुमारे ३० किलोमीटर लांबीचा पूल खुला झाला, तेव्हा कुठे आपल्याच देशात जायला परदेश ओलांडण्याची पाळी संपली.

प्रश्न : राजधानीचे नाव ‘बंदर सेरी बेगावान’. हे आपल्या ‘बंदर श्री भगवान’ सारखे वाटते. हा निव्वळ योगायोग की काही नाते आहे?
(एक निवृत्त ग्रंथपाल, पुणे)

नाते आहे, आणि ते तुम्ही ओळखल्याबद्दल अभिनंदन. ‘बंदर’ हा शब्द फारसीतून मलय भाषेत गेला तसाच मराठीतही आला. ‘सेरी बेगावान’ हे खरोखरच ‘श्री भगवान’ आहे, मात्र ते देवाचे नाव नाही. सध्याच्या सुलतानांचे वडील ओमर अली सैफुद्दीन तिसरे यांनी १९६७ मध्ये गादी सोडली, तेव्हा त्यांनी निवृत्त राजाला साजेशी ही पदवी धारण केली. ‘ब्रुनेई टाउन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहराला १९७० मध्ये त्यांच्या सन्मानार्थ ते नाव दिले गेले.

इथून पुढे मराठी वाचकाला ब्रुनेईच्या दरबारात दुभाषा लागू नये. देशाचे पूर्ण नाव ‘नगारा ब्रुनेई दारुस्सलाम’ असे आहे. ‘दारुस्सलाम’ म्हणजे शांतीचे घर, हा भाग अरबी. पण ‘नगारा’ हे आपले ‘नगर’ असून मलयमध्ये त्याचा अर्थ राज्य किंवा देश असा विस्तारला आहे. राणीची पदवी ‘राजा इस्तेरी’, राजपुत्र तो ‘पुतेरा’, भाषा ती ‘बहासा’. राजवाड्याला ‘इस्ताना’ म्हणतात, त्यात संस्कृत ‘आस्थान’ लपलेले आहे. ‘पेर्दाना वझीर’ या मोठ्या मानाच्या पदात अर्धा संस्कृत प्रधान आणि अर्धा अरबी वझीर सुखाने नांदतात. सुलतानांच्या बिरुदात सुरुवातीलाच ‘दुली’ हा शब्द येतो. ती आपली ‘धूलि’. थेट राजाशी बोलण्याची आपली योग्यता नाही, त्याच्या पायाखालच्या धुळीशी बोलावे, असा त्यामागचा भाव आहे. जुन्या मराठी पत्रांच्या शेवटी ‘चरणरज’ म्हणून सही करणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही. सोळाव्या शतकातील पराक्रमी सुलतान बोल्किया यांना लोक ‘नाखोदा रागाम’ म्हणत. त्यातला नाखोदा म्हणजे जहाजाचा तांडेल, आपल्या कोळीवाड्यातील ‘नाखवा’ तो हाच.

यांतले संस्कृत शब्द इस्लामच्या आधीचे आहेत. श्रीविजय आणि मजापहित या हिंदू-बौद्ध साम्राज्यांची छाया या साऱ्या बेटांवर होती, आणि १३६५ च्या एका जावानीज काव्यात मजापहितच्या मांडलिकांमध्ये ब्रुनेईचेही नाव येते. सुलतानांनी इस्लाम स्वीकारला, तरी दरबाराची भाषा त्यांनी बदलली नाही. माल मात्र उलट दिशेने येत होता. आपल्याकडे पूजेत आणि औषधात मानाचा समजला जाणारा भीमसेनी कापूर, ज्याला जुनी माणसे ‘बरास’ म्हणतात, तो बोर्निओ आणि सुमात्रा येथील रानांतल्या एका उंच वृक्षाच्या खोडातून मिळत असे. ‘बरास’ हे नाव सुमात्रातील बारुस बंदरावरून पडले आहे. ब्रुनेईच्या जुन्या व्यापारात हा कापूर अग्रभागी होता, आणि त्या झाडाला तिथे आजही ‘कापुर’च म्हणतात.

प्रश्न : शेजारची सारी संस्थाने मलेशियात विलीन झाली, मग एवढासा ब्रुनेई वेगळा कसा राहिला? आणि तेल सापडले ते कधी?
(एक बँक कर्मचारी, नाशिक, अशाच आशयाची आणखी चार पत्रे)

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. १९२९ मध्ये पश्चिमेकडील सेरिया या दलदलीच्या किनारपट्टीत तेल लागले आणि १९३२ पासून ते बाहेर जाऊ लागले. तोपर्यंत या राज्याचे काय करायचे, हा ब्रिटिशांपुढचा कंटाळवाणा प्रश्न होता. तेल लागताच तो कंटाळवाणा राहिला नाही. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा बोर्निओत उतरल्या त्या तेलासाठीच, आणि १९४५ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियन सैन्य आले तेव्हा माघार घेणाऱ्या जपान्यांनी सेरियाच्या विहिरी पेटवून दिल्या. त्या विझवायला कित्येक आठवडे लागले.

युद्धानंतर सत्तेवर आलेले ओमर अली सैफुद्दीन हे आमच्या मते आधुनिक ब्रुनेईचे खरे शिल्पकार. १९५९ मध्ये त्यांनी लिखित राज्यघटना दिली आणि १९६२ मध्ये निवडणुका झाल्या. त्यांत ए. एम. अझहारी यांच्या ‘पार्ताई रक्यात ब्रुनेई’ (ब्रुनेई जनता पक्ष) या पक्षाने मोठा विजय मिळवला. मलेशियाच्या प्रस्तावित संघराज्याला या पक्षाचा विरोध होता आणि उत्तर बोर्निओचे वेगळे राज्य त्याला हवे होते. विधिमंडळ बसण्यास विलंब होत गेला आणि ८ डिसेंबर १९६२ रोजी पक्षाच्या सशस्त्र गटाने उठाव केला. सिंगापूरहून आलेल्या गुरखा आणि ब्रिटिश तुकड्यांनी तो काही दिवसांत मोडला. त्या वेळी पुकारलेली आणीबाणी दर दोन वर्षांनी नव्याने जाहीर होत आजतागायत चालू आहे. सार्वत्रिक निवडणूक त्यानंतर झालेली नाही.

उठाव मोडल्यावर सुलतान मलेशियात जातील असे सर्वांना वाटत होते आणि बोलणी अखेरच्या टप्प्यापर्यंत गेलीही. १९६३ च्या जुलैमध्ये त्यांनी सही केली नाही. घोडे दोन ठिकाणी अडले. एक, तेलाच्या उत्पन्नावर किती वर्षांनी आणि किती हक्क क्वालालंपूरचा असावा. दुसरे, मलय राजांच्या ज्येष्ठताक्रमात ब्रुनेईच्या सुलतानांची जागा कोणती. दुसरा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण मलेशियाचे राजेपद तेथील सुलतानांमध्ये आळीपाळीने फिरते, तेव्हा रांगेत शेवटी उभे राहणे म्हणजे काय, हे ओळखण्याइतके ते धूर्त होते. त्याच वर्षी समुद्रात साउथ वेस्ट आम्पा या ठिकाणी तेल आणि वायूचा मोठा साठा सापडला, हा योग लक्षात घेण्यासारखा आहे.

तेलाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व पुढे वायूला आले. नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केला की द्रवरूप होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशेपटींनी घटते; मग तो जहाजात भरून नेता येतो. लुमुत येथील प्रकल्पातून १९७० च्या दशकाच्या आरंभीच जपानला असा वायू जाऊ लागला, आणि तोही टोकियो व ओसाका येथील वीज आणि गॅस कंपन्यांशी वीस-वीस वर्षांचे करार करून. उद्या गिऱ्हाईक मिळेल की नाही ही चिंता मिटली. स्वतंत्र होण्याची घाई मात्र ब्रुनेईला नव्हती. ब्रिटनलाच ती अधिक होती. १ जानेवारी १९८४ रोजी देश पूर्ण स्वतंत्र झाला, आठवडाभरात ‘आसियान’ या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा सहावा सदस्य झाला आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत गेला. ब्रिटिश सैन्यातील गुरख्यांची एक पलटण मात्र आजही सेरियात आहे, आणि तिचा खर्च सुलतानांकडून होतो.

प्रश्न : तिथे कोणीही प्राप्तिकर भरत नाही, हे खरे आहे का? असेल तर आम्हालाही तिकडे पाठवा.
(एक पगारदार, ठाणे)

खरे आहे. व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही. कंपन्यांना आहे, आणि तेल-वायू कंपन्यांना तर तो ५५ टक्के इतका आहे. नागरिकांना शिक्षण मोफत, सरकारी दवाखान्यात तपासणीसाठी एक डॉलर, पेट्रोलचा दर कित्येक वर्षे लिटरला ५३ सेंट. ब्रुनेई डॉलरचे मूल्य १९६७ पासून सिंगापूर डॉलरच्या बरोबरीचे ठेवलेले आहे आणि सिंगापूरच्या नोटा तिथल्या दुकानात बिनदिक्कत चालतात. आपल्या चलनाची विश्वासार्हता शेजाऱ्याकडून उसनी घेण्याचा हा शहाणपणा आम्हाला राजवाड्याच्या घुमटांपेक्षा अधिक कौतुकाचा वाटतो.

तिकडे जाण्याआधी मात्र ओळखपत्रांचे रंग समजून घ्या. नागरिकाचे कार्ड पिवळे, कायम रहिवाशाचे लाल, तात्पुरत्या परदेशी कामगाराचे हिरवे. सवलतींचा मोठा भाग पिवळ्या कार्डाला आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या चिनी वंशाच्या हजारो लोकांकडे लाल कार्ड आहे, आणि त्यांतले बरेच कोणत्याच देशाचे नागरिक नाहीत. नागरिकत्वासाठी मलय भाषेची परीक्षा द्यावी लागते, आणि जन्मापासून तिथे राहूनही तीत नापास झालेले पुष्कळ निघतात.

आणि करमाफीची दुसरी बाजूही आहे. सरकारला लोकांच्या खिशातून काही घ्यायचे नसले, की लोकांनाही सरकारकडे हिशेब मागण्याचे निमित्त उरत नाही. १९६७ पासून गादीवर असलेले सुलतान हसनल बोल्किया हेच पंतप्रधान आहेत. अर्थ, संरक्षण आणि परराष्ट्र ही खातीही त्यांच्याचकडे आहेत. विधान परिषद २००४ मध्ये पुन्हा भरू लागली, पण ती मुख्यत्वे नेमलेल्या सदस्यांची आहे. ‘मलायु इस्लाम बेराजा’, म्हणजे मलय संस्कृती, इस्लाम आणि राजसत्ता, हे राष्ट्राचे अधिकृत तत्त्वज्ञान शाळेपासून शिकवले जाते.

प्रश्न : सुलतानांच्या सोन्याच्या वस्तू आणि गाड्यांविषयी लिहावे.
(एक वाचक, जळगाव)

गाड्यांचे आकडे वृत्तपत्रे एकमेकांकडून उचलतात, म्हणून ते सोडून देतो. राजवाड्याचे मात्र जाहीर आहेत. १९८४ मध्ये पूर्ण झालेल्या इस्ताना नुरुल इमानमध्ये १,७८८ खोल्या आणि २५७ स्नानगृहे आहेत, आणि राहता राजवाडा म्हणून तो जगात सर्वांत मोठा आहे. फिलिपाईन्सचे वास्तुविशारद लिआंद्रो लोक्सिन यांनी त्याची रचना केली. रमजान ईदनंतर तो तीन दिवस सर्वांसाठी खुला असतो. रांगेतल्या प्रत्येकाला जेवण मिळते, पुरुषांना सुलतानांशी आणि स्त्रियांना राणींशी हस्तांदोलन करता येते, आणि मुलांच्या हाती पैशांचे छोटे हिरवे पाकीट पडते. राजधानीतील राजचिन्हांच्या संग्रहालयात एक सोन्याचा कोपरापासूनचा हात ठेवला आहे. १९६८ च्या राज्याभिषेकात तासन्‌तास बसलेल्या सुलतानांना हनुवटी टेकवता यावी, म्हणून तो घडवला होता. आमच्या मते सारे सोने एकीकडे आणि ही अवघडलेली हनुवटी एकीकडे.

प्रश्न : आम्ही दोघे ज्येष्ठ नागरिक सहलीला जाणार आहोत. कायदे फार कडक आहेत म्हणतात. खाण्यापिण्याचे काय?
(एक दांपत्य, कोल्हापूर)

२०१४ पासून टप्प्याटप्प्याने शरियतवर आधारित दंडसंहिता लागू झाली आणि ३ एप्रिल २०१९ रोजी तिचा सर्वांत कठोर भाग अमलात आला. समलिंगी संबंध आणि व्यभिचार यांसाठी दगडांनी ठेचून मारण्याची तरतूद तीत असल्याने जगभर निषेध झाला. महिन्याभरानंतर सुलतानांनी जाहीर केले, की मृत्युदंड प्रत्यक्षात न देण्याची जुनी प्रथा या संहितेलाही लागू राहील. कायदा मात्र पुस्तकात आहे तसाच आहे, आणि त्यातील काही कलमे बिगरमुस्लिमांनाही लागू होतात.

तुमच्यापुरते व्यावहारिक मुद्दे असे. मद्यविक्री १९९१ पासून बंद आहे. शुक्रवारी दुपारी बारा ते दोन दुकाने आणि उपाहारगृहे बंद असतात, तेव्हा त्याआधीच पोटपूजा उरकावी. सरकारी कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारी आणि रविवारी, म्हणजे शनिवारी काम. रमजानमध्ये दिवसा चारचौघांत खाऊ-पिऊ नये. लोक अतिशय मृदू बोलतात, आणि तर्जनीने कोणाकडे बोट दाखवण्याऐवजी मूठ मिटून अंगठ्याने दिशा दाखवतात.

जेवणात ‘आम्बुयात’ जरूर पाहावे. सागू नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या खोडातला स्टार्च उकळत्या पाण्यात घोटून त्याची पारदर्शक, चिकट खळ करतात. ‘चांदास’ या बांबूच्या दुबेळक्या काडीवर ती गुंडाळतात, आंबट-तिखट चटणीत बुडवतात आणि न चावता गिळतात. उपासाच्या साबुदाण्याशी या सागूचे शब्दाने नाते आहे. आपला साबुदाणा मात्र आता टॅपिओकाच्या कंदाचा असतो. शाकाहारी असाल तर चटणीत सुकी कोळंबी आहे का, हे आधी विचारून घ्या.

राजधानीत नदीच्या पात्रात खांबांवर उभे असलेले काम्पोंग आयेर हे गाव चुकवू नका. १५२१ मध्ये मॅगेलनच्या सफरीतील अंतोनियो पिगाफेत्ता इथे आला, तेव्हा राजाचे निवासस्थान आणि काही सरदारांची घरे वगळता सारे शहरच पाण्यावर होते. आज तिथे काही हजार माणसे राहतात. लाकडी पायवाटांनी जोडलेल्या घरांमध्ये शाळा, मशिदी आणि अग्निशमन केंद्रही आहे, होड्यांसाठी पाण्यावरच पेट्रोलपंप आहेत, आणि घरांच्या ओसऱ्यांत कुंड्यांची रांग व वातानुकूलन यंत्र शेजारी-शेजारी दिसते. काठावर गाडी लावून होडीने घरी जायचे, असा तिथला शिरस्ता. सरकारने जमिनीवर घरे दिली तरी बरीच कुटुंबे पाणी सोडायला तयार नाहीत.

प्रश्न : तेल संपल्यावर काय?
(अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, औरंगाबाद)

हा प्रश्न तिथल्या सरकारलाही पडला आहे. २००६ च्या सुमारास दररोज दोन लाख पिंपांहून अधिक असलेले उत्पादन आता निम्म्यावर आले आहे. खाणी जुन्या झाल्या, दुरुस्त्या वाढल्या. ‘वावासान २०३५’ या दीर्घकालीन आराखड्यात इतर उद्योगांवर भर आहे. पुलाऊ मुआरा बेसार या बेटावर एका चिनी कंपनीच्या भागीदारीत २०१९ पासून मोठा तेलशुद्धीकरण कारखाना चालू झाला. पण त्याला लागणारे कच्चे तेल प्रामुख्याने बाहेरून आणावे लागते, म्हणजे तेलावरचे अवलंबन कमी करण्याचा उपाय म्हणून आणखी तेलच आले. परदेशांत गुंतवलेला राज्याचा निधी हा खरा आधार आहे, आणि त्याचे ताळेबंद लोकांपुढे येत नाहीत. २००० मध्ये सुलतानांचे बंधू राजपुत्र जेफ्री यांच्यावर याच निधीतून अब्जावधी डॉलर वळवल्याचा दावा खुद्द सरकारने लावला. त्यांनी आरोप नाकारले आणि प्रकरण लंडनच्या न्यायालयापर्यंत गेले.

एक गोष्ट मात्र तेलाने राखली. पैसा जमिनीखालून येत होता, म्हणून जमिनीवरचे रान तोडण्याची गरज पडली नाही. शेजारच्या प्रांतांत मैलोन् मैल पामतेलाच्या बागा लागल्या, तर ब्रुनेईचा दोनतृतीयांशाहून अधिक भूभाग अजून जंगलाखाली आहे. सेरियात रस्त्याच्या कडेला, घरांच्या कुंपणालगत तेल उपसणारे पंप अजून मान खालीवर करीत असतात, आणि पोरे त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता बाजूच्या मैदानात चेंडू खेळतात.

प्रश्न : भारताशी संबंध?
(पोस्टकार्ड, नाव-गाव वाचता आले नाही)

राजनैतिक संबंध १९८४ पासूनचे. श्रीहरिकोट्याहून पूर्वेकडे जाणाऱ्या अग्निबाणांचा माग घेणारे ‘इस्रो’चे एक केंद्र २००० पासून ब्रुनेईत आहे. भारतीय डॉक्टर आणि शिक्षक तिथे मोठ्या संख्येने आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांची पहिली द्विपक्षीय भेट झाली आणि त्यानंतर चेन्नईहून थेट विमान सुरू झाले. पोस्टकार्डावरचा पत्ता पुसट आहे. पुढच्या वेळी शाईच्या पेनाऐवजी बॉलपेन वापरावे, पावसाळा आहे.